झहीरच्या रिकाम्या रकान्यांचं काय करायचं?

पेटचा निकाल लागला आणि संशोधन आराखड्याच्या मुलाखती जवळ आल्या की आमच्या विद्यापीठातल्या चहाच्या टपरीवर सिनिअर लोकांना अचानक मान मिळायला लागतो. एरवी ओळख न देणारी मुलंसुद्धा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चार पानं घेऊन येतात आणि "ताई, पाच मिनिटं" म्हणत तासभर बसतात. मला त्याचा राग येत नाही. मीही असेच चार कागद घेऊन फिरले आहे.

गेल्या महिन्यात शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करू पाहणारा एक जण आला. विषय चांगला होता: वेगवान गोलंदाजांच्या वारंवार होणाऱ्या दुखापती. त्यातही एकच खेळाडू घेऊन त्याच्या कारकिर्दीचा इतिहास लिहायचा, झहीर खानचा. "डेटा तर तयारच आहे ताई," तो म्हणाला. "सगळी स्कोअरकार्ड नेटवर आहेत. २००० ते २०१४ पर्यंत भारत ज्या ज्या कसोटीत खेळला आणि झहीर नव्हता, तिथे रकाना रिकामा. रिकामा रकाना म्हणजे दुखापत. मोजलं की झालं."

मी फिजिक्सवाली. माझं काम पदार्थांच्या थकव्यावर आहे. धातूची पट्टी पुन्हा पुन्हा वाकवत राहिलं तर ती कितव्या फेरीला तुटते, एवढंच माझं जग. क्रिकेटचा इतिहास हा माझा प्रांत नाही. पण "रिकामा रकाना म्हणजे दुखापत" हे वाक्य ऐकल्यावर चहा बाजूला ठेवला. त्यानंतर तीन आठवडे आम्ही दोघांनी मिळून ते रकाने तपासले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतेय. तुमचा विषय क्रिकेट नसला तरी वाचा, कारण रिकामे रकाने सगळ्यांच्याच डेटात असतात.

आधी माणूस. आमच्या वैजापूरहून गोदावरी ओलांडली की श्रीरामपूर काही फार लांब नाही. १९७८ साली झहीर तिथे जन्मला, शाळा तिथलीच, मराठी माध्यमाची. सतराव्या वर्षी वडील त्याला मुंबईला घेऊन गेले आणि इंजिनिअरिंगचा विचार मागे पडला. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याला हाताखाली घेतलं. मग चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन, मग मुंबईऐवजी बडोद्याकडून रणजी. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत पहिला एकदिवसीय सामना आणि पुढच्याच महिन्यात ढाक्यात पहिली कसोटी. ती बांगलादेशचीही पहिलीच कसोटी होती. शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४, वेलिंग्टन. एकूण ९२ कसोट्या, ३११ बळी. निवृत्ती जाहीर केली ऑक्टोबर २०१५ मध्ये. खांदा आता दिवसाला सतरा-अठरा षटकांचा भार सोसेल असं वाटत नाही, असं कारण त्याने तेव्हा दिलं.

आता रकाने.

पहिला मोठा गठ्ठा सापडला २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. ब्रिस्बेनला पहिल्याच कसोटीत झहीरने ९५ धावांत ५ बळी घेतले. पुढची अ‍ॅडलेडची कसोटी, जी आपण द्रविडमुळे आणि आगरकरमुळे लक्षात ठेवतो, तिच्यात झहीर नाही. मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग. मेलबर्नला तो परत आला, पण सिडनीत पुन्हा गायब. दोन-तीन महिन्यांनी पाकिस्तान दौरा. मुलतानला आहे, लाहोर आणि रावळपिंडीला नाही. इथपर्यंत ज्युनिअरचं गणित बरोबर चाललं होतं. आत, बाहेर, आत, बाहेर. त्याने एक्सेलमध्ये हे रकाने लाल रंगवले होते आणि चेहऱ्यावर प्रबंध संपल्याचा आनंद होता.

मग आलं २००६. जानेवारीअखेरीस सुरू झालेल्या कराचीच्या कसोटीत झहीर आहे, त्यानंतर डिसेंबरच्या जोहान्सबर्ग कसोटीपर्यंत थेट नाही. मायदेशात इंग्लंडविरुद्ध नाही, वेस्ट इंडिजमध्ये नाही. शीटमध्ये हा सगळा पट्टा लालभडक. सगळ्यात मोठी दुखापत ती हीच असणार, असं कुणालाही वाटेल.

पण त्या उन्हाळ्यात झहीर इंग्लंडमध्ये वूस्टरशायर काउंटीकडून खेळत होता. रन-अप आखूड केला होता. एकाच हंगामात प्रथम श्रेणीचे ७८ बळी घेतले. एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९. भारतीय संघाबाहेर होता तो निवड समितीने वगळलं म्हणून, शरीराने साथ सोडली म्हणून नव्हे. उलट, ज्या काळात आमच्या शीटवर त्याच्या नावापुढे काहीच नाही, त्याच काळात त्याने भरपूर गोलंदाजी केली आणि तीही पुढची पाच वर्षं पुरेल असं काही शिकत. डिसेंबरात परतला तो वेगळाच गोलंदाज होऊन. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजवर ५९ धावांत ४ आणि ७५ धावांत ५. भारताने इंग्लंडमध्ये १९८६ नंतर प्रथमच मालिका जिंकली आणि विस्डेनने २००८ च्या अंकात वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंमध्ये त्याचं नाव घातलं.

म्हणजे एकाच रंगाच्या दोन रकान्यांत दोन उलट गोष्टी होत्या. अ‍ॅडलेडचा रिकामा रकाना म्हणजे बसून राहिलेला माणूस. २००६ चा रिकामा रकाना म्हणजे दुसऱ्या देशात घाम गाळणारा माणूस. स्कोअरकार्डला दोन्ही सारखेच, कारण स्कोअरकार्ड फक्त कोण खेळलं हे सांगतं. कोण का खेळलं नाही, हे सांगायचं त्याचं कामच नाही. ज्युनिअरने तो पट्टा पांढरा केला. त्याला थोडं वाईट वाटलं, कारण त्याचा सगळ्यात जाड बार ग्राफमधून गेला.

पुढचे रकाने मात्र खरोखर दुखापतीचे. २००७ अखेरीस मेलबर्नला पहिल्या डावात ४ बळी घेतले आणि टाचेमुळे दौरा संपला. २००९ मध्ये खांद्यामुळे काही महिने बाहेर. २०१० च्या सुरुवातीला ढाक्यात ८७ धावांत ७ बळी ही कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी, आणि त्याच वर्षी श्रीलंकेतल्या कसोट्यांना तो नाही. डिसेंबरात सेंच्युरियनला नाही, डरबनला आहे. टाच, खांदा, मांडी, घोटा. वाचताना असं वाटतं की एखाद्या जुन्या लुनाचा सर्व्हिसिंगचा कागद बघतोय.

इथे आम्ही अडलो तो प्रश्न वरवर बाळबोध आहे: दुखापत म्हणजे काय? हसू नका. क्रिकेटमध्ये दुखापती कशा मोजायच्या यावर संशोधकांचं पहिलं एकमत छापलं गेलं ते २००५ साली. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन ऑर्चर्ड हे त्यातलं प्रमुख नाव. त्या व्याख्येचा सारांश असा: ज्या त्रासामुळे खेळाडू मोठ्या सामन्याच्या निवडीसाठी पूर्णपणे उपलब्ध राहत नाही, किंवा सामन्यात गरज असताना फलंदाजी, गोलंदाजी वा यष्टिरक्षण करू शकत नाही, ती दुखापत. व्याख्या मोजायला सोपी. पण बघा तिच्यातून काय सुटतं. दुखतंय, सुई टोचून घेतली, पट्टी बांधली आणि वीस षटकं टाकली, तर दुखापत शून्य. २०१६ मध्ये ही व्याख्या सुधारली गेली. डॉक्टरकडे जावं लागलं ते वेगळं, सामना चुकला ते वेगळं, खेळाडूने स्वतः सांगितलं ते वेगळं, फक्त स्कॅनमध्ये दिसलं ते वेगळं, असे प्रकार केले. झहीरची जवळपास सगळी कारकीर्द त्याआधीची. म्हणजे २०१६ चा चष्मा लावून २००४ कडे बघायचं तर तेव्हा कुणी तसं लिहूनच ठेवलेलं नाही.

अमेरिकेत हा प्रश्न थोडा सोपा आहे. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये प्रत्येक संघाला दर आठवड्याला जखमी खेळाडूंची यादी जाहीर करावीच लागते. कोणाचा गुडघा, कोणाचा घोटा, सरावात किती भाग घेतला, सगळं. सट्टेबाजीत आतली माहिती कुणा एकाच्या हाती लागू नये, हे त्यामागचं एक कारण. कारण काही असो, इतिहास लिहिणाऱ्याला घबाड मिळतं. त्यातलंच एक उदाहरण पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते. बॉब सँडर्स नावाचा बचावपटू होता, इंडियानापोलिस कोल्ट्सचा. २००७ च्या हंगामात लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण गुडघा, खांदा, दंड यांनी त्याला इतकं छळलं की आठ हंगामांत मिळून तो साखळीतले फक्त ५० सामने खेळला. तेव्हा एका हंगामात १६ असायचे. तरी कोल्ट्सनी त्याला वर्षानुवर्षं सोडलं नाही, कारण २००६ चा जवळपास सगळा हंगाम बाहेर बसून तो बाद फेरीला परतला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये संघाने सुपर बोल जिंकला.

आपल्याकडे २००३ सालच्या बातमीत एकच शब्द असायचा: अनफिट.

आता लॉर्ड्स. झहीरच्या दुखापतीचा इतिहास लिहायला बसलेला प्रत्येक जण लॉर्ड्सवर येऊन थांबतो. एप्रिल २०११ मध्ये आपण विश्वचषक जिंकलो, झहीरने स्पर्धेत २१ बळी घेतले, शाहिद आफ्रिदीसोबत सर्वाधिक. अंतिम सामन्यात त्याची पहिली पाच षटकं: तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. त्यानंतर २१ जुलैला लॉर्ड्सवर इतिहासातली दोन हजारावी कसोटी सुरू झाली. झहीरने कुक आणि स्ट्रॉस दोघांनाही काढलं. १३.३ षटकं, १८ धावा, २ बळी. आणि चौदाव्या षटकाच्या मध्यात हॅमस्ट्रिंग धरून तो बाहेर गेला, तो मालिकेतूनच. पीटरसनने नाबाद २०२ केल्या. मालिका ४-० ने गेली, क्रमवारीतला पहिला नंबर गेला.

ज्युनिअरच्या आराखड्यात इथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं: झहीर जखमी झाला नसता तर भारताने मालिका गमावली नसती. सांगायची गोष्ट म्हणून ठीक. माझे बाबा आजही हेच म्हणतात. पण मग मी त्याला भारताच्या आठ डावांची धावसंख्या लिहायला लावली. २८६, २६१, २८८, १५८, २२४, २४४, ३००, २८३. आठ डावांत एकदाही आपण तीनशेच्या पुढे गेलो नाही. झहीर बरा असता तर इंग्लंडच्या धावा कमी झाल्या असत्या, हे मानायला हरकत नाही. पण त्याच्या मांडीच्या स्नायूवर सचिन-लक्ष्मण-धोनीच्या फलंदाजीचंही खापर फोडायचं का? 'असता तर' हे वाक्य इतिहासात लिहायचं असेल तर बाकीची सगळी परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट बदलता आली पाहिजे. प्रयोगशाळेत मी ते करू शकते. पट्टी तीच, तापमान तेच, फक्त भार बदलते. लॉर्ड्स एकदाच होतं.

कारणाचा प्रश्न तर याहून अवघड. तो तुटला का? जास्त टाकलं म्हणून? विश्वचषक झाला, त्याला लागून आयपीएल झालं. की कमी टाकलं म्हणून? कारण त्यानंतरच्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर तो दुखापतीमुळे गेलाच नव्हता आणि लॉर्ड्सला उतरला तो मोठ्या विश्रांतीनंतर. दोन्ही कारणं त्याच तीन महिन्यांतून काढता येतात. ऑर्चर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका सामन्यात पन्नासहून जास्त षटकं टाकणाऱ्या वेगवान गोलंदाजाला दुखापतीचा धोका वाढतो, पण तो लगेच दिसत नाही, तीन ते चार आठवडे उशिरा दिसतो. माझ्यासारखीला हे वाचून आपल्या गावचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. धातूतही भेग पडते तेव्हा आवाज येत नाही. आवाज येतो तो तुटताना, आणि त्या वेळी चालू असलेल्या भाराला आपण दोष देतो. आता यात इतिहासकाराची पंचाईत अशी की दुखापत जिथे नोंदली जाते तिथे तिचं कारण असेलच असं नाही. आधीच्या महिन्यातल्या एखाद्या विसरलेल्या सामन्यात ते असू शकतं. त्यातून हॅमस्ट्रिंगच्या बाबतीत सगळ्यात पक्की माहीत असलेली जोखीम कोणती, तर आधी झालेली हॅमस्ट्रिंगची दुखापत. म्हणजे लॉर्ड्सची एक मुळी ब्रिस्बेनपर्यंतही जाऊ शकते. सिद्ध मात्र करता येत नाही, आणि एका माणसाच्या बाबतीत कधीच येणार नाही. जोखीम ही हजार गोलंदाजांबद्दलची भाषा आहे, झहीरबद्दलची नव्हे. हे वाक्य मी त्याच्या फोल्डरवरच लिहून दिलं, कारण मुलाखतीत हा प्रश्न येणार म्हणजे येणार.

पण हजार गोलंदाज आणायचे कुठून? इथे मला माझ्या विषयातला एक जुना माणूस आठवला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाचा रेल्वे इंजिनिअर होता. गाड्यांचे आस सहन होण्याजोग्या भारालाही काही काळाने का तुटतात, हे त्याने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून शोधलं. त्याच्या पद्धतीचे आलेख आम्ही अजून काढतो. त्यात एक प्रथा आहे. जो नमुना ठरावीक लाखो फेऱ्यांनंतरही तुटत नाही, त्याचा ठिपका काढून पुढे उजवीकडे एक बाण काढायचा. अर्थ: हा अजून तुटलेला नाही, कधी तुटला असता ते माहीत नाही, पण याला यादीतून काढू नका. हा बाण विसरला की सगळा निष्कर्ष वाकडा होतो.

क्रिकेटमधले बाण कोण? पहिला बाण कपिल देव. १३१ कसोट्या, ४३४ बळी, आणि दुखापतीमुळे चुकलेली कसोटी एकही नाही. जी एक चुकली, १९८४-८५ मध्ये इंग्लंडविरुद्ध कोलकात्याला, ती वगळल्यामुळे. झहीरचा अभ्यास करताना कपिलला बाहेर ठेवलं तर भारतीय वेगवान गोलंदाज म्हणजे मोडकी जमात असं वाटेल. इशांत शर्माचंही गंमतशीर आहे. त्याचेही कसोटी बळी बरोबर ३११. फक्त त्याला १०५ कसोट्या लागल्या.

दुसऱ्या टोकाला सोलापूरचा सलील अंकोला. १९८८-८९ मध्ये महाराष्ट्राकडून पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात, गुजरातविरुद्ध, हॅटट्रिक. वर्षभरात कसोटी पदार्पण, कराची, नोव्हेंबर १९८९. त्याच सामन्यात सचिन तेंडुलकर आणि वकार युनूसही पहिल्यांदा कसोटी खेळले. अंकोलाने दोन बळी घेतले. दुखापतीने पुढच्या कसोट्या हुकल्या आणि पुन्हा कधीही कसोटी मिळाली नाही. २० एकदिवसीय सामने झाले, १९९६ च्या विश्वचषक संघात होता. १९९७ मध्ये, तिशीच्या आत, डाव्या नडगीच्या हाडातल्या गाठीमुळे क्रिकेट संपलं. नंतर तो मालिका-सिनेमांत दिसला, पुढे राष्ट्रीय निवड समितीवरही आला. पण गोलंदाज म्हणून कसोटीच्या रकान्यात त्याचं नाव एकदाच.

आता मला सांगा, 'वारंवार दुखापतींनी ग्रासलेली कारकीर्द' असं आपण कोणाबद्दल म्हणतो? झहीरबद्दल. अंकोलाबद्दल तसं फारसं कुणी म्हणत नाही, कारण 'वारंवार' व्हायला परत यावं लागतं. दुसऱ्यांदा जखमी व्हायचं असेल तर मध्ये कुणीतरी तुम्हाला पुन्हा बोलवावं लागतं. झहीरला बोलावलं, कारण तो तेवढा चांगला होता. २०१३ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, तो युवराजसोबत फ्रान्समधल्या ब्रीव्ह गावी जाऊन शरीर घडवून आला, आणि डिसेंबरात जोहान्सबर्गला कॅलिसला बाद करून तीनशेवा बळी घेतला. शेवटच्या कसोटीत, मॅक्युलमच्या त्रिशतकाच्या डावात, ५१ षटकं टाकून ५ बळी घेतले. एवढी परतीची तिकिटं फार थोड्यांना मिळतात. बॉब सँडर्सला मिळाली तीही याचसाठी. तेव्हा ज्युनिअरने शीटमध्ये जे मोजलं, त्याला तो 'शरीर किती वेळा मोडलं' म्हणत होता. माझ्या मते त्यात निम्मं 'संघाने किती वेळा वाट पाहिली' हे आहे. दुखापतींचा इतिहास म्हणून आपण जो वाचतो तो परतलेल्यांचा इतिहास असतो. जे पहिल्याच फटक्यात गेले त्यांच्या नावापुढे एकही लाल रकाना नाही. ते शीटमध्येच नाहीत.

हे मला इतकं नेमकं सुचलं त्याचं श्रेय माझं नाही, माझ्या दादाचं.

दादा वैजापूरला फास्ट बॉलिंग टाकायचा. उंच, उजव्या हाताचा, पळत आला की शाळेच्या भिंतीवर बसलेली पोरं गप्प व्हायची. एकोणीस वर्षांखालच्या जिल्हा संघापर्यंत गेला. मग कंबर धरली. कुणी म्हणालं चमक आहे, कुणी म्हणालं थंडीने, कुणी एरंडेल चोळायला सांगितलं. स्कॅन कुणी काढलं नाही. आता वाचल्यावर कळतं, उजव्या हाताच्या वेगवान गोलंदाजाला कमरेच्या मणक्यात, बहुधा डाव्या बाजूला, ताणाने बारीक फ्रॅक्चर होतं. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर वर चढतो आणि त्याच क्षणी कंबर वाकलेली, वळलेली असते. कोवळ्या वयात हाड अजून पक्कं झालेलं नसतं. वेळेत कळलं तर विश्रांतीने भरूनही येतं. हाडाची हीच तर मजा आहे, धातूला ही सोय नाही. दादाचं तेच होतं की दुसरं काही, हे मी सांगू शकत नाही. तो डावीकडे हात लावायचा एवढं आठवतं. आज त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, खताची गोणी उचलायची वेळ आली की पोराला हाक मारतो.

दिवाळीत घरी गेले तेव्हा माळ्यावर त्याची वही सापडली. शंभर पानी, वर झहीरचा पेपरातून कापलेला फोटो चिकटवलेला. आत रकाने आखलेले: तारीख, मैदान, किती षटकं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पेनाने मारलेल्या फुल्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे काहीच नाही. मी अर्थातच त्या विकेट धरल्या. सवयीने एक्सेलमध्ये टाकल्या, षटकं विरुद्ध विकेट असा आलेखही काढला. चांगला चढता आलेख आला. शेवटच्या पानांवर तर तीन-तीन फुल्या. म्हटलं, सगळ्यात भरात असताना सुटलं बिचाऱ्याचं.

फोन करून विचारलं, "दादा, शेवटच्या महिन्यात दर मॅचला तीन-तीन विकेट काढायचास?"

तो म्हणाला, "विकेटा कशाला लिहू? त्या तर गावाला माहीत असायच्या. कंबर दुखली की फुली मारायचो. जास्त दुखली की दोन."

मी परत वही उघडली. शेवटच्या साडेतीन आठवड्यांत एकही ओळ फुलीवाचून नाही आणि षटकं मात्र कुठेच कमी झालेली नाहीत. २००५ च्या व्याख्येने बघितलं तर त्या सगळ्या दिवसांत दुखापत शून्य. दुखापत सुरू होते ती शेवटच्या ओळीनंतर, जिथे पान कोरं आहे.

त्या पानांचे फोटो मी ज्युनिअरला दाखवले. परवा त्याने सुधारलेला आराखडा पाठवला. लॉर्ड्सचं ते ठळक वाक्य काढून टाकलंय, २००६ पांढरं आहे, कपिलपुढे बाण आहे. आणि शीटमध्ये उजवीकडे एक नवा रकाना वाढवलाय. त्याला नाव अजून दिलेलं नाही. मलाच विचारतोय, ताई, काय लिहू?